पुढचा सेट नंतर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज घरात चार टायर आले. मी मागवले नव्हते. गाडीला टायर होते. चारही गोल होते, चारहींत हवा होती. तरी यांनी नवे आणले. आणि ते असे, की बैठकीच्या खोलीत आडवे टाकल्यावर आमचा सोफा स्टुलासारखा दिसायला लागला.

"हे किती इंची?" मी विचारलं.

"तेहतीस." पेपरात नाव छापून आल्यासारखा चेहरा.

"आणि आपले?"

"एकोणतीस."

"मग हे वरचे चार इंच कशाला?"

"अगं, गेल्या वर्षी ओढ्यात—"

"चार इंच कशाला, एवढंच विचारलं."

त्यावर हे चष्मा पुसायला लागले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी चष्मा इतका पुसलाय, की काचेचा नंबर उतरला असेल.

यामागे भाऊजी आहेत हे सांगायला ज्योतिषी नको. यांचे धाकटे भाऊ. निवृत्त झाल्यापासून दिवसभर फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघतात आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन व्याख्यान देतात. स्वतःकडे स्कूटर आहे. तीही ढकलून चालू होते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टायर बसवले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासतात, म्हणून मडगार्डची कड कापली. म्हणजे जोडा पायाला होईना म्हणून टाच छाटली.

गाडीत चढायला आता मला दाराची मूठ, सीटची कड आणि देवाचं नाव, तिन्ही धरावं लागतं. भाऊजी खाली उभं राहून म्हणाले, "वहिनी, काय रुबाब आलाय गाडीला!" मी म्हटलं, "तुम्हीही एखादं वर्ष मोठे बूट घालून बघा, काही येतंय का."

वेगाचा काटा पन्नासवर होता आणि एरवी आम्हाला मागे टाकणारा दूधवाल्याचा टेम्पो मागे पडत होता. चाक मोठं झालं म्हणजे एका फेरीत जास्त अंतर कापणार; काट्याला हे कोण सांगणार? तो बिचारा फेऱ्या मोजतो. तेहतीस भागिले एकोणतीस, एक पूर्णांक चौदा शतांश. पन्नासच्या जागी सत्तावन्न. हे साधं त्रैराशिक आहे. मी बी.एस्सी. झाले तेव्हा गणित हा विषय शिकवत असत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज फेरी होती.

दर पंधरा दिवसांनी डोंगरावरच्या हवामान केंद्रात मी पिण्याचं पाणी, गॅसची टाकी, बॅटऱ्या आणि बदलीचे दोन निरीक्षक पोचवते. मी शिकवायची ती शाळा बंद पडली तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं. हे मागे बसून टाकी धरतात. गाडी मी चालवते, कारण हे चालवतात तेव्हा रस्त्याला दुखेल अशी भीती वाटत असल्यासारखी चालवतात.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत माझी वेळ चौतीस मिनिटं. आज गाडी दुसऱ्या वळणावरच धापा टाकायला लागली. पहिल्या गिअरला रडते, दुसऱ्याला मरते. क्लचचा असा वास सुटला की निरीक्षकांनी नाकाला रुमाल लावले. शेवटी लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त असतो त्यात, टाकून कासवासारखी वर नेली. एक्कावन्न मिनिटं.

आणि वीस तारखेला चाचणी आहे. दर तीन वर्षांनी हवामान खात्याच्या ऑफिसचे साहेब स्वतः गाडीत बसतात, हातात घड्याळ धरतात, आणि पूर्ण वजनासह चाळीस मिनिटांत गाडी वर पोचली तर काम पुढची तीन वर्षं आपलं. नाही पोचली तर दुसऱ्याचं. या वेळी दुसरा तयारही आहे.

मुलगा फोनवर म्हणतो, "सोड ना आई आता. गाडी विका आणि आमच्याकडे या. बाल्कनीत छान कुंड्या आहेत."

मी कुंडी नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मिस्त्रीकडे गेले. माणूस कामाला चोख, बोलायला रडका. गाडीखालून अर्धा बाहेर येऊन म्हणाला, "बाई, जुने टायर लावून टाका की परत."

ते भाऊजींनी कुणाला तरी देऊन टाकले आहेत. "अडगळ" म्हणून.

"मग गिअरिंग बदलावं लागेल," मिस्त्री म्हणाला. दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात एक मोठं दातेरी चाक आणि एक छोटं. क्राऊन आणि पिनियन. क्राऊनला एक्केचाळीस दात, पिनियनला दहा. म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट चार पूर्णांक एक दशांश वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. चाक मोठं केलं तर हा आकडाही वाढवायला हवा. मी तिथेच पेन्सिलीनं हिशेब केला: चार पूर्णांक सदुसष्ट शतांश. बाजारात मिळतो तो एक्केचाळीसास नऊ. साडेचारच्या थोडा वर. चालेल. मिस्त्री माझ्या आकड्यांकडे बघत राहिला. याला बी.एस्सी. म्हणतात.

गाडी चारी चाकांवर चालणारी, त्यामुळे असे गोळे दोन. एक मागे, एक पुढे. मागचा सेट मिस्त्रीकडे शिल्लक आहे. पुढचा मागवावा लागेल. पंचवीस तारखेच्या आत येत नाही. चाचणी वीसला.

मी दोन मिनिटं विचार केला. चढावर वजन कुठे जातं? मागे. जोर कोण लावतं? मागची चाकं. म्हणून म्हटलं, मागचा आत्ता बसवा, पुढचा सेट नंतर.

"पण बाई, पुढचा जुनाच राहिला आणि तुम्ही फोर व्हील—" असं काहीतरी त्याचं सुरू झालं. मी म्हटलं, पुढचाही घेणार आहे, हवं तर लिहून देते. त्यावर तो परत गाडीखाली गेला. या माणसाला वाक्य पुरं करायची सवयच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

भाऊजी जेवायला. टायरांचं श्रेय घेऊन झालं. आता गिअरिंगचंही घेत आहेत. "मी दादाला म्हटलंच होतं, टायर घेतलेस की पुढचं ओघानं आलं."

"मग आधी का नाही म्हणालात?"

"वहिनी, तुम्ही बोलू देता का?"

सगळे हसले. सगळे म्हणजे हे आणि भाऊजी.

मग भाऊजी म्हणाले, "पण दादानं टायर हौसेनं नाही हं घेतले. गेल्या वर्षी ओढ्यात तुम्ही अडकलात ना, तेव्हापासून त्याच्या डोक्यात—"

"ओढ्याचा इथे काय संबंध?" मी म्हटलं.

गेल्या वर्षी पायथ्याच्या ओढ्यात गाडीचं पोट दगडावर टेकलं आणि पाणी आत आलं. तीन तास मी पाय डॅशबोर्डवर ठेवून बसले होते. त्याला घाबरणं म्हणत नाहीत. पाणी सीटपर्यंत आलं असता पाय वर ठेवणं हीच शास्त्रशुद्ध पद्धत आहे. हे उगाच पाण्यात उभं राहून माझा हात धरून होते. मला आधाराची गरज नव्हती, यांना असेल.

भाऊजींनी पाण्याचा पेला उचलला आणि यांच्याकडे बघितलं. यांनी चष्मा काढला. मी ताटं उचलली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मागचा सेट बसला. मिस्त्री दुकानात नव्हता, सामान आणायला गेला होता; चावी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडे ठेवली होती. काय ही गाडी! डांबरी रस्त्यावर पहिल्यासारखी उडी घेते. उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गेले आणि क्लचचा वास नाही. मोटारीच्या विज्ञानात पुरुषांनी एवढी वर्षं जी गूढता भरून ठेवली आहे, ती म्हणजे एक भागाकार आहे.

एकच तक्रार. फोर व्हीलच्या, म्हणजे पुढची चाकंही जोडायच्या, दांड्याला कुणीतरी एक कळकट लाल फडकं बांधून ठेवलं होतं, दोन गाठी मारून. ऑइल पुसायचं असणार. हे लोक हात पुसतात आणि फडकं तिथेच विसरतात. मी सोडलं, साबणानं धुतलं, वाळवलं, घडी घातली आणि यांच्या हाती दुकानात परत पाठवलं. शिकवल्याशिवाय शिस्त येत नाही.

हे परत आल्यावर म्हणाले, "मिस्त्री म्हणत होता की ते फडकं—"

"स्वच्छ धुतलंय. अजून काय हवंय त्याला, इस्त्री?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

लिहायला बसले आहे. जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी साडेसातला निघालो. पुढे मी आणि साहेब, मागे निरीक्षक, हे, टाकी, बॅटऱ्या आणि पाण्याचे बारा कॅन. साहेब तरुण आहेत, बोलायला मऊ, घड्याळ गळ्यात. "मॅडम, तुमच्या गाडीत चढणं हीच एक चाचणी आहे," म्हणाले. मी हसले नाही.

ओढ्याला पाणी बऱ्यापैकी होतं. गाडी अशी पार झाली की दाराची कडही भिजली नाही. मागून यांनी माझ्या खांद्याला हात लावला. आरशात बघितलं तर हे हसत होते. चाचणीच्या दिवशी हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

पहिली दोन वळणं सुंदर. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, बहुधा चांगलंच. तिसऱ्या वळणापासून खडी सुरू होते. तिथे मी नऊ वर्षं फोर व्हीलचा दांडा ओढते. आजही हात घातला.

"अगं, तो दांडा—" मागून हे.

"टाकी धरा," मी म्हटलं आणि ओढला.

गाडी हिसके द्यायला लागली. बैलजोडीतला एक बैल घाईत आणि एक आळशी असावा तशी. खडी दोन्ही बाजूंना उडत होती. साहेब म्हणाले, "ही अशीच चालते का?" मी म्हटलं, "जोर आहे." मला खरंच तसं वाटलं.

सातव्या वळणावर सिमेंटचा खडा चढ आहे. तिथे स्टिअरिंग लाकडासारखं झालं. टायर किंचाळले. आणि मग खालून आवाज आला, जिन्यावरून लोखंडी कपाट सोडल्यासारखा. गाडी थांबली. मग मागे यायला लागली.

मी ब्रेकवर उभी राहिले म्हणायला हरकत नाही. हँडब्रेक ओढला तर तो हातात नुसताच वर आला. गाडी तसूतसूनं सरकतच होती. तोवर हे खाली उतरले होते. केव्हा उतरले, मला दिसलं नाही. गुडघे धरून जिना उतरणारा माणूस. दोन्ही मागच्या चाकांखाली त्यांनी दगड घातले आणि तिसरा हातात घेऊन गाडीला पाठ लावून उभे राहिले. त्या बाजूला कठडा नाही.

"उतर आता," म्हणाले. मला म्हणाले. मी उतरले.

सिमेंटवरून ऑइलचा ओहोळ खाली चालला होता. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, उभा फुटला होता. हँडब्रेकही त्याच डब्यावर असतो. साहेबांनी घड्याळ बंद केलं. वेळ सांगितली नाही. मी विचारली: सव्वीस मिनिटं. तेवढ्या वेळात माथा जवळ आला होता.

वर पाणी संपलेलं होतं. बारा कॅन आम्ही हातानं नेले. साहेबांनीही दोन नेले. मी तीन.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मिस्त्रीला जाब विचारायला गेले. हे बरोबर नकोत म्हटलं, आले तरी.

"तुमच्या कामानं माझी नऊ वर्षं गेली," मी म्हटलं.

मिस्त्रीनं आधी गाडीत कुणाला लागलं का विचारलं. मग म्हणाला, "फोर व्हील टाकलंत?"

"नऊ वर्षं टाकते."

"बाई, फोर व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकमेकाला बांधलेले असतात. आता मागचा गोळा साडेचारचा आणि पुढचा चारचा. दोन माणसं एका दोरीनं बांधायची, एकाला म्हणायचं पळ, एकाला म्हणायचं चाल. खडीवर चाकं घसरून घसरून भागवतात. सिमेंटवर घसरणार कुठं? मग जे कच्चं ते तुटतं."

समजलं. एका वाक्यात समजलं. दहावीच्या मुलालाही समजलं असतं. मी दोन्ही बाजूंचे आकडे स्वतः काढले होते आणि बरोबरचं चिन्ह मांडायचं विसरले होते.

पण हार मानायची माझी रीत नाही. म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगत होतो."

"केव्हा?"

"बाई, जाऊ द्या."

"जाऊ कसं द्या? माझ्याकडे लेखी नोंद आहे." ही दैनंदिनी मी मुद्दाम पिशवीतून नेली होती. शाळेतही मी असंच करायची. मूल खोटं बोललं की वही उघडायची. मी सात तारीख काढली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वेल्डिंगवाल्यानंही काम थांबवलं. "मिस्त्रीकडे गेले. माणूस कामाला चोख, बोलायला रडका" हेही वाचलं गेलं, थांबता आलं नाही. मग वजन कुठे जातं, जोर कोण लावतं. मग "पण बाई, पुढचा जुनाच राहिला आणि तुम्ही फोर व्हील".

त्यानंतर एक आडवी रेघ आहे. माझ्याच हातची. अक्षर चांगलं आहे.

मी पानं उलटली. पंधरा तारखेचं मनात वाचलं.

"ते फडकं तुम्ही बांधलं होतं?"

"दांडा ओढू नये म्हणून बांधतो आम्ही. लाल बघून हात थांबतो माणसाचा."

ते फडकं भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. माझी घडी तशीच होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसमधून छापील अहवाल आला. रकाना सातवा: बिघाडास जबाबदार कोण, चालक की वर्कशॉप. एकावर खूण करा.

साहेबांनी फोन केला. "मॅडम, नियम सांगतो. वर्कशॉपची चूक असेल तर पुन्हा चाचणी घेता येते. चालकाची असेल तर मला काही करता येणार नाही. विचार करून भरा." माणूस चांगला आहे. चांगली माणसं फार पंचाईत करतात.

भाऊजी पळत आले. "वहिनी, यात विचार कसला? मिस्त्री स्वतः तयार आहे! मी विचारून आलो. म्हणाला, लिहा खुशाल माझं नाव."

"त्याचं काय होईल?"

"ऑफिसच्या यादीतून नाव जाईल. मग काय? त्याला काय गिऱ्हाइकं कमी आहेत?"

दुपारी मी स्वतः जाऊन बघून आले. आवारात तीन गाड्या उभ्या होत्या. तिन्हींच्या दारावर ऑफिसचा शिक्का. मिस्त्री म्हणाला, "लिहा हो बाई. माझं भागतं."

घरी येऊन यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

हे दचकले. चष्म्याकडे हात गेला नाही, एवढे दचकले. म्हणाले, "फेरी गेली तर तुला घरात करमणार नाही. आणि खोटं लिहिलंस तर या घरात कुणालाच राहता येणार नाही, तू अशी होशील."

हे असं सलग बोलू शकतात, याची मला कल्पना नव्हती.

खूण केली. नुसत्या खुणेनं भागेना, म्हणून खाली कारणही लिहिलं, आकडेमोडीसह, दोन पानं. शेवटचं वाक्य: वर्कशॉपने दोनदा सूचना दिली होती, चालकाने एकदा ऐकू दिली नाही व एकदा धुऊन परत केली.

त्यांच्या छापील अर्जात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्याही दुरुस्त करून पाठवल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काम दुसऱ्याला दिलं. तीन ओळींचं पत्र. भाऊजींनी दोन दिवस तोंड दाखवलेलं नाही, हाही एक फायदा.

मुलाचा फोन आला. कुंड्यांबद्दल पुन्हा. मी म्हटलं, गाडी उघडी पडली आहे, अशा अवस्थेत कोण घेणार? तो म्हणाला, भंगारात. मी फोन यांच्याकडे दिला. हे म्हणाले, "आई कामात आहे." मी खिडकीत बसले होते.

४ डिसेंबर, गुरुवार

आज फेरीचा दिवस. सकाळी साडेसातला तयार झाले आणि मग आठवलं.

१० डिसेंबर, बुधवार

पुढचा सेट आलाय. फुटलेल्या डब्याच्या जागी जुना डबा शोधतोय मिस्त्री, मिळेल तेव्हा मिळेल. तोवर गाडी त्याच्या आवारात, आणि गाडी कशी आहे बघायला मी रोज तिथे. चौथ्या दिवशी त्यानं खुर्ची दिली. पाचव्या दिवशी कागद.

"बाई, रोज एक तरी येतो मोठे टायर घेऊन. हिशेब मला जमतो, पण सांगता येत नाही. ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"माझं कुणी ऐकतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ऐकतात हो. दुसऱ्याला कुठे बोलता येतं?" म्हणाला आणि गाडीखाली सरकला. हा माणूस रडका आहे, असं मी का लिहिलं होतं कोण जाणे.

आज पहिलाच. पस्तिशीचा, गॉगल डोक्यावर, पस्तीस इंची टायर. मी आकडा काढून दिला. त्यानं फोनवर कुणाला तरी विचारलं आणि म्हणाला, "काकू, पुढचं नंतर करू. सध्या मागचंच बदला. चढावर जोर मागेच लागतो ना?"

बोलणं अगदी मुद्देसूद. आत्मविश्वासही भरपूर. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, दोन्ही एकदम, नाहीतर एकही नाही.

"पण का? तुम्हाला काय माहीत?"

उत्तरं दोन-तीन होती. बी.एस्सी. होतं, शाळा होती, त्रैराशिक होतं. हे दारात उभे होते, मिस्त्रीचे पाय गाडीखालून बाहेर दिसत होते.

मी उठले, त्याला आवाराच्या टोकाला माझ्या गाडीपाशी नेलं आणि म्हटलं, "खाली वाकून बघ. हा डबा उभा फुटलाय ना? हा मी फोडला. आता बस, सांगते कसा."

तो हसला मेला. मोठ्यानं हसला. मी हसू दिलं. मग त्यानं दोन्ही सेट मागवले.